रूम बघताना छताकडेही बघा

ॲडमिशनचा सीझन आहे. अमरावती काय नि अकोला काय, कट्ट्यावर सध्या एकच चर्चा. पुणे की नागपूर? दिल्लीला क्लास लावायचा की बंगळुरूला जॉब बघायचा? आणि या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतंच, "पुण्याले जा बापा, तिथलं हवामान तरी बरं हाये. इथं तं तपनच जीव घेते."

बोलणारा खोटं बोलत नाही. २०२४ चा मे आठवा. २५ मे, नवतपा लागला तो दिवस. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला आणि अकोला जिल्हा प्रशासनाने उन्हामुळे कलम १४४ लावलं. हो, तेच दंगलीत लागतं ते. (१ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ते कलम १६३ झालंय, स्पर्धा परीक्षावाल्यांनी नोंद घ्यावी.) खासगी क्लास सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्यायची जबाबदारी मालकाची, असा तो आदेश होता. ३१ मेपर्यंत. देशभरात बातमी झाली आणि पुण्यातल्या मित्रांचे मेसेज आले, "तुम्ही जिवंत आहात ना?"

बरोबर दोन महिन्यांनी, २५ जुलैला, तोच मेसेज आपण त्यांना पाठवत होतो. खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी मुठेत सोडलं गेलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत लोकांना जाग आली तेव्हा पाणी घरात होतं. त्याच पहाटे डेक्कन भागात पाण्यातून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघं गेले. दोन दिवसांनी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी भरलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. ते तळघर सामान आणि गाड्या ठेवायला मंजूर होतं. ३० जुलैच्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर कोसळला. मुंडक्कई आणि चुरलमला ही हिरव्यागार, थंड डोंगरातली गावं. रील बघून आपण "इथंच राहायला पाहिजे" म्हणतो ना, अगदी तसली.

म्हणजे दहा आठवड्यांत चार बातम्या, आणि त्यातली उन्हाची फक्त एक, आपली.

आता हे वाचून "बघा, आपलं वऱ्हाडच बरं" असा निष्कर्ष काढू नका. उन्हाने माणूस मरतो, पण त्याचा फोटो येत नाही. पुरात वाहून गेलेल्याची नोंद पूरबळी अशी होते. उन्हात बसून हृदय थांबलं तर कागदावर बरेचदा नुसतं 'हृदयविकार' येतं. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेनंतर संशोधकांनी एरवीच्या वर्षांशी तुलना केली, तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्यातून २०१३ मध्ये तिथं शहराची उष्णता कृती योजना तयार झाली. मोजलं म्हणून कळलं.

आपल्याकडची गंमत तर वेगळीच आहे. हवामान खात्याच्या व्याख्येत सपाट भागात पारा ४० च्या पुढे आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट. किनाऱ्यावर त्यासाठी ३७ पुरतात. अकोल्याची मे महिन्यातली सरासरीच बेचाळीसच्या आसपास. मग तिथं लाट म्हणायला ४७ हवेत! म्हणून दुसरा नियम कामी येतो, सरळ ४५ गाठले की लाट. पण ४४ चं काय? कागदावर तो साधा दिवस. त्या साध्या दिवशी दुपारी एकला तुमचं प्रॅक्टिकल असतं आणि कुणाचे तरी बाबा बाजार समितीत पोती उचलत असतात. मुंबईत ४४ झाले तर काय होईल, विचार करा.

थंड जागा शोधायचा उद्योग इथं जुना आहे. चिखलदरा इंग्रजांना 'सापडलं' ते १८२३ मध्ये. कोरकू माणसं तिथं आधीपासून होती, गाविलगड तर शेकडो वर्षं उभा होता, तरी सापडलं. समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर. अकोला २८० च्या आसपास. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश उतरतात, म्हणजे हिशेबाने पाच अंशांचा फरक. एवढ्यावर तिथं कॉफीसुद्धा होते. मग सगळे तिकडेच का नाही राहात? कारण तिथं पाऊस धो धो पडतो आणि काळ्या खडकावरून घसरून खाली निघून जातो. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावांना टँकर लागतो. दवाखाना, कॉलेज, नोकरी सगळं घाटाखाली. थंडगार आहे, पण राहायला सोपं नाही. आणि 'सुरक्षित' हा शब्दही जरा जपून वापरा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता.

तर मग बघायचं काय? माझं मत असं, की शहर तुम्ही हवामान बघून निवडत नाही. ते मार्क, फी आणि नोकरी ठरवतात. "पुण्याची हवा छान" हे आपण नंतर जोडतो. तुमच्या हातात असते ती रूम. वरच्या चारही बातम्यांत कोण सापडलं ते बघा. दिल्लीत पाऊस लाखोंवर पडला, गेले ते तळघरातले. पुणं अख्खं बुडालं नाही, मुठेच्या काठच्या सोसायट्या बुडाल्या. अकोल्यातही तसंच. मी दोन वर्षं टेरेसवरच्या एका खोलीत काढली. भाडं कमी होतं, कारण वर उघडा स्लॅब होता. रात्री अकरा वाजताही भिंत गरम. खाली पहिल्या मजल्यावरचे काका त्याच वेळी चादर ओढून झोपलेले असायचे. शहर एक, घर एक, हवामान दोन.

म्हणून पुण्यात नदीजवळ रूम मिळत असेल तर निळी पूररेषा विचारा. पंचवीस वर्षांत एकदा येतो एवढ्या पुराची ती रेषा. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. घरमालक सांगणार नाही, खालचा किराणावाला सांगेल, मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं ते. मीटर कुठे बसवलेत तेही बघा. तळघरातली लायब्ररी कितीही स्वस्त असो, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का ते आधी पाहा. नसेल तर सरळ नाही म्हणा.

आणि नागपूर, अमरावती, अकोल्यात राहणार असाल तर शेवटचा मजला टाळा. नाहीच टाळता आला तर गच्चीला चुना मारून द्यायला सांगा, खर्च फार नाही. कूलरला समोरासमोर खिडकी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. आपली हवा कोरडी म्हणून कूलर इथं चालतो, मुंबईत नाही. पण तो पाणी पितो. तेव्हा नळ किती दिवसांनी येतो ते विचाराच, विशेषतः अकोल्यात. एवढं सगळं जमलं की घरमालक शेवटी म्हणतातच, "कूलर लावला तं लाइटबिल वेगळं." किती, ते ॲडव्हान्स देण्याआधी ठरवून घ्या. आत्ता ऑगस्टमध्ये ते कमी सांगतील. मेमध्ये नाही.