ओढणाऱ्याचे बळ आणि ओझ्याचा मालक

अमेरिकेतील मोटार-कंपन्यांमध्ये पस्तीस वर्षांहून अधिक काळ एक विलक्षण स्पर्धा चालू आहे. डिझेलवर चालणारा पिकअप ट्रक, म्हणजे पुढे माणसे बसण्याची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले वाहन, आपल्यामागे किती ओझे ओढू शकतो, याची ही स्पर्धा. १९८९ साली डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन बसवले. त्याची ताकद १६० अश्वशक्ती होती. आणि चाकाला पीळ देणारे बळ, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात, ते ४०० पौंड-फूट होते. २०२३ च्या फोर्ड सुपर ड्यूटी मालिकेतील सर्वांत जोरकस इंजिन ५०० अश्वशक्तीचे असून त्याचा टॉर्क १२०० पौंड-फूट, म्हणजे बरोबर तिप्पट आहे. योग्य जोडणी असेल तर या मालिकेतील ट्रक ४०,००० पौंडांचा, म्हणजे अठरा टनांहून अधिक वजनाचा ट्रेलर ओढू शकतो, असे कंपनीने जाहीर केले.

यंत्रविद्येच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय कौतुकास्पद आहे. परंतु प्रत्येक नव्या आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट घडत गेली, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो. जे ओझे पूर्वी मोठ्या मालमोटारीवर, परवानाधारक चालकाच्या आणि एखाद्या जबाबदार वाहतूक-कंपनीच्या हवाली असे, त्यातले बरेचसे आता कर्जाने पिकअप घेतलेल्या एकट्या माणसाच्या माथी जाऊ लागले. ट्रकचे बळ वाढले. त्यासरशी जोखीम मात्र बळवंताकडून दुर्बळाकडे सरकली.

या धंद्याला तिकडे ‘हॉट शॉट’ म्हणतात. टेक्सासच्या तेलक्षेत्रात एखादे यंत्र बंद पडले की त्याचा सुटा भाग तातडीने नेऊन देणाऱ्या पिकअपवाल्यांपासून हे नाव रूढ झाले. आज बांधकामाची यंत्रे, लोखंडी तुळया, शेतीची अवजारे, एकावर एक चढवलेल्या मोटारी असा सर्व प्रकारचा माल या मार्गाने जातो. हा चालक कोणाचा नोकर नसतो. कागदोपत्री तो ‘मालक’ असतो. जोरकस इंजिनाचा असा ट्रक सहज ऐंशी हजार डॉलरांच्या घरात जातो, ट्रेलर वेगळाच. हप्ते, विमा, डिझेल, टायर आणि परतीची रिकामी फेरी, हे सारे त्याच्या खिशातून. माल देणारा आणि तो यांच्यामध्ये दलाल असतो, आणि भाडे ठरते मैलावर किंवा खेपेवर. गोदामाच्या दाराशी माल चढण्याची वाट पाहण्यात गेलेल्या तासांचे मोल अनेकदा शून्य असते. मालकीचा मान त्याच्याकडे आणि मालकीची सत्ता दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे.

ओझे ओढणे आणि ओझे थांबवणे ही दोन भिन्न कामे आहेत. इंजिन कितीही जोरकस असले तरी गतिमान वस्तूमधील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा निसर्गनियम काही बदलत नाही. ताशी पन्नास किलोमीटरऐवजी शंभरने जाणारे तेच ओझे थांबवायला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. मोठ्या मालमोटारीला हवेचे ब्रेक असतात. त्यांतील हवा गळाली तर स्प्रिंगच्या दाबाने चाके आपोआप जखडली जातात. म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबण्याच्याच बाजूने होतो. पिकअपच्या मागील ट्रेलरचे ब्रेक बहुधा विजेवर चालतात. ट्रेलर सुटलाच तर ते लावण्यासाठी त्यावर बॅटरी ठेवलेली असते. ही व्यवस्था टाकाऊ नव्हे. उतारावर इंजिनाकरवी गती रोखणारा एक्झॉस्ट ब्रेकही नव्या ट्रकांत असतो. पण ही व्यवस्था तारेच्या, जोडाच्या आणि बॅटरीच्या नित्य देखभालीवर अवलंबून असते, आणि देखभालीला लागणारा वेळ व पैसा खेपेवर जगणाऱ्या माणसाकडेच सर्वांत कमी असतो.

कंपन्यांच्या आकड्यांचाही इतिहास आहे. प्रदीर्घ काळ प्रत्येक कंपनी स्वतःच्या मापाने स्वतःची ताकद मोजत होती. २००८ साली मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने एक समान मानक प्रसिद्ध केले. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे अठरा किलोमीटरांचा चढ, वातानुकूलन चालू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता ट्रकने चढावा, ही त्यातली प्रसिद्ध कसोटी. टोयोटाने हे मानक प्रथम स्वीकारले. अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी मात्र त्यासाठी आणखी काही वर्षे घेतली. स्वतःच्या मापाने विक्री होत असताना समाजाचे माप स्वीकारण्याची घाई कोणत्या व्यापाऱ्याला असते?

आता कायद्याकडे पाहू. ट्रक आणि ट्रेलर यांचे मिळून निर्धारित वजन २६,००१ पौंड किंवा त्याहून अधिक असेल आणि त्यात ट्रेलर १०,००० पौंडांवर असेल, तर व्यापारी वाहतुकीसाठी विशेष परवाना लागतो, असा तेथील संघराज्याचा नियम आहे. साहजिकच कागदावरचे वजन या रेषेच्या किंचित आत ठेवून चालणारा एक मोठा वर्ग निर्माण झाला. सहलीसाठी फिरते घर ओढणाऱ्यांना तर बऱ्याच राज्यांत साधा परवाना पुरतो. रेषेच्या अलीकडचे ओझे निरुपद्रवी आणि पलीकडचे धोकादायक, असे रस्ता मानत नाही. दिवसाला अकरा तासांपेक्षा अधिक गाडी चालवू नये हा नियम या व्यापारी पिकअपवाल्यांपैकी बहुतेकांना लागू आहे, हे खरे; परंतु मजुरी मैलावर आणि बंधन तासावर असेल, तर वाट पाहण्यात गेलेला वेळ भरून काढण्याची जागा वेगाखेरीज दुसरी कोणती उरते? १९३८ च्या कामगार-कायद्यातील जादा कामाच्या दीडपट मजुरीचे संरक्षणही आंतरराज्य मालवाहतुकीतल्या बहुतेक चालकांना नाही; आणि जो ‘मालक’ ठरला, त्याला तर ते नाहीच नाही.

ही परिस्थिती आकाशातून पडलेली नाही. १९६४ साली जिमी हॉफा यांच्या नेतृत्वाखाली टीमस्टर्स युनियनने मालवाहतूक-चालकांसाठी देशव्यापी करार घडवून आणला होता. १९८० साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने मोटार-वाहतुकीवरील दरांची आणि प्रवेशाची नियंत्रणे सैल करण्यात आली. भाडे उतरले, ग्राहकाचा फायदा झाला असे सांगण्यात आले. पण भाडे उतरले ते अंतर कमी झाल्यामुळे नव्हे. उतरत्या भाड्याची किंमत मोठ्या प्रमाणावर चालकाच्या मिळकतीतून आणि त्याच्या झोपेतून वसूल झाली. युनियनचे क्षेत्र आक्रसत गेले आणि एकेकटा, कर्जबाजारी ‘मालक-चालक’ पुढे आला. पिकअपची ही ताकद अशा वेळी बाजारात आली, जेव्हा तिला जुंपायला माणसे तयार होती.

या स्पर्धेची किंमत रस्त्यापुरती राहिली नाही, हवेनेही ती मोजली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, त्याआधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची धूरनियंत्रक यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. जास्त ताकद मिळावी आणि दुरुस्तीचा खर्च टळावा, ही त्यामागची ठळक कारणे. हा दोष चालकांचा म्हणून सोडून द्यावा, तर २०२४ च्या जानेवारीत सरकारने कमिन्सबरोबरच्या समझोत्याचा तपशील जाहीर केला. २०१३ ते २०१९ या काळातील सुमारे ६,३०,००० रॅम पिकअपांच्या इंजिनांत धूरचाचणीला चकवणारी योजना होती, हा सरकारचा आरोप होता. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण १६७ कोटी ५० लाख डॉलरांचा दंड भरण्याचे कबूल केले. स्वच्छ हवेच्या कायद्याखालील तो तोपर्यंतचा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. कमिन्स हे नाव १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीतून पुण्याला आले आणि कोथरूडच्या अनेक घरांची चूल त्यावर पेटली. त्या समझोत्याशी येथील कामगाराचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण ज्या उद्योगात आपले हात आहेत त्याचे जगभरचे हिशेब ठाऊक असणे हा कामगाराचा हक्क आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. दुसऱ्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा स्वतःचा ट्रक, स्वतःचा रस्ता हे त्या माणसाला हवे असते. त्याला बापुडा ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? स्वतःच्या यंत्रावर स्वतःची हुकमत असावी ही आकांक्षा समाजवादाला परकी नाही. पण ज्याला भाडे ठरवता येत नाही, वजन नाकारता येत नाही आणि खेप टाळली तर हप्ता चुकतो, त्याची हुकमत फक्त सुकाणूच्या चाकापुरती उरते. त्याचे स्वातंत्र्य खरे व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ मिळवून दिले पाहिजे.

हे सारे दूर देशीचे म्हणून वाचून सोडून देता येत नाही. गाळपाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोणत्याही रस्त्यावर संध्याकाळी उभे राहावे. एका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागचा दिवा उसाच्या वाढ्यांआड गेलेला, आणि चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी झालेली. ट्रॅक्टर कर्जाचा, मजुरांना दिलेली उचल वाहतूकदाराच्या नावावर, आणि भाडे टनावर. अमेरिकेत मैल, येथे टन. पण मजुरीचे माप तेच, धोक्याला बक्षीस देणारे. आपल्या मोटार वाहन कायद्यातील जादा भाराच्या कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती चालवायला लावणाराही दोषी धरलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा कडक झाला. पण रस्त्यावर सापडतो तो चालवणारा; चालवायला लावणाऱ्यापर्यंत कायद्याचा हात क्वचितच जातो.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती टेक्सासला जितकी लागू तितकीच सांगोल्याला. वजनकाट्यावर मर्यादेबाहेरचे ओझे आले तर पहिला जाब माल भरणाऱ्याला आणि भाडे ठरवणाऱ्याला विचारला जावा. वाट पाहण्याच्या तासांना मोल मिळावे. वाहन किती ओढते याच्या जोडीला, पूर्ण भारानिशी ते किती अंतरात थांबते हा आकडाही तितक्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती व्हावी. आणि मालक-चालकांना ‘व्यावसायिक’ म्हणून संघटनेच्या दाराबाहेर न ठेवता श्रमिक म्हणून आत घ्यावे. इंजिनाची ताकद तिप्पट व्हायला चौतीस वर्षे पुरली. ते चालवणाऱ्याची ताकद वाढवणे हे मात्र कोणत्याही कारखान्याचे काम नव्हे, ते चळवळीचेच काम आहे.