पाटीवर नसलेले नाव

'पानार ए लेव्हासोर' हे पॅरिसच्या पेढीचे नाव मोटारीच्या इतिहासात मोठ्या आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. इंजिन पुढे, त्यामागे क्लच व गिअर आणि चालना मागच्या चाकांना, ही मांडणी एमिल लेव्हासोरने १८९१ साली केली. पुढे कित्येक दशके जगातल्या बहुतेक मोटारी तशाच बनल्या. परंतु या पेढीला मुळात इंजिन मिळाले कोठून, हे कोणी विचारीत नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

पेढी लाकूडकामाची यंत्रे बनविणारी. जर्मनीच्या डाइम्लरचे फ्रान्समधील काम एदुआर साराझँ पाहत असे. १८८७ च्या अखेरीस तो वारला. करार तेथेच संपायचा! पण त्याची विधवा लुईज स्वतः कानश्टाटला डाइम्लरकडे गेली, बोलणी केली आणि फ्रान्सचे हक्क आपल्याकडे ठेवले. इंजिने बनविण्याचे काम तिने लेव्हासोरच्या पेढीला दिले. १८९० साली तिने लेव्हासोरशी लग्न केले. हुंड्यात इंजिनाचे हक्क मिळालेला नवरदेव बहुधा हाच!

कोणी म्हणेल, बाईने एक स्क्रूही आवळला नाही. कबूल. परंतु आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी 'गुडविल' या खात्यावर पानेच्या पाने लिहितो. मेलेल्या माणसाचा शब्द जिवंत ठेवून तो व्यवहारात आणणे हे भांडवल नव्हे, तर मग भांडवल कशाला म्हणायचे? त्याच १८८८ साली बेर्टा बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला गेली. तिचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. प्रवासाची गोष्ट सांगता येते, कराराची कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट मला बोचते. त्या काळच्या फ्रेंच कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून करार करता येत नसे. ही अट १९३८ पर्यंत होती. विधवेला मात्र मोकळीक होती. म्हणजे ज्या सहीवर फ्रान्सचा मोटारधंदा उभा राहिला, ती सही लग्नानंतर एकटीच्या बळावर चालली नसती.

१८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत लेव्हासोर ४८ तास ४८ मिनिटांत सर्वांच्या आधी परतला. पॅरिसला पोर्त मायो येथे १९०७ साली त्याचे स्मारक उभे राहिले. मोटार हाकणारा लेव्हासोर त्यात कोरला आहे. ते इंजिन कोणाच्या सहीने फ्रान्समध्ये आले, हे त्या दगडाकडे पाहून कोणाला कळणार?