रांगेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

कापसाचा हिशेब करताना आपण बियाणे, फवारणी, वेचणी, भाडे सगळे धरतो. रांगेत गेलेला वेळ धरत नाही. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि खामगावच्या टापूत ही सवय अंगवळणी पडली. गाडी लावायची, बैलांपुढे कडबा टाकायचा आणि गाडीखाली झोपायचे. पुढे एकाधिकार गेला, बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला. रांग सुटली नाही.

रांगेचेही शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ साली त्याचा पाया घातला. फोन केव्हा किती येतील ते ठाऊक नाही, मग जोडून देणारी माणसे किती ठेवावीत, हा त्याचा प्रश्न.

तोच प्रश्न काट्याला लावू. समजा एक ग्रेडर, एक काटा, आणि तासाला सरासरी १० गाड्या निघतात. तासाला ५ गाड्या आल्या तर प्रत्येकीला सरासरी ६ मिनिटे थांबावे लागते. ९ आल्या तर ५४ मिनिटे आणि साडेनऊ आल्या तर ११४! गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. चार एकदम येतात, मग काटा रिकामा बसतो, आणि रिकामा गेलेला वेळ भरून निघत नाही. १२ आल्या तर विचारायलाच नको; आठ तासांत १६ गाड्या मुक्कामाला.

आता दुसरा ग्रेडर, दुसरा काटा लावा. त्याच ९ गाड्यांचे थांबणे निम्मे होत नाही, ५४ मिनिटांवरून दीड मिनिटावर येते.

पैशात मांडू. ड्रायव्हरसह गाडीचा तास १५० रुपये धरला तर एका काट्यावर दिवसाचे ६५ गाडी-तास, म्हणजे पावणेदहा हजार रुपये जातात. दुसरी जोडी रोज चार हजारांत पडली तरी ती स्वस्तच. मग लावत का नाहीत? चार हजार केंद्राच्या वहीत दिसतात, पावणेदहा हजार शेतकऱ्याच्या खिशातून जातात. ज्याची वही, त्याचा हिशेब. त्यात घरी ज्वारीची खुडणी अडलेली असते. रात्रभर दवात उभ्या कापसाचा ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर माल परत. आणि कंटाळून खेडा खरेदीत घालणारा हमीभावातला फरक सोडून देतो, त्याचे नाव कोणत्याच रांगेत नसते.

२०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ ॲपवर वेळ नोंदवायची सोय केली. गाड्या एकदम येणे त्याने कमी होते, हे आम्ही मानतो. पण काटे तेवढेच राहिले तर फाटकावरची रांग घरात येऊन बसते, एवढेच.

म्हणून बुलढाणा जिल्ह्याच्या बैठकीत आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गाडीची फाटकावरची वेळ आणि वजनाची वेळ पावतीवर लिहा. दर आठवड्याची सरासरी फळ्यावर लावा. ती एका तासावर गेली की दुसऱ्या दिवशी दुसरा काटा सुरू झाला पाहिजे. पावत्या फेकू नका. पुढच्या बैठकीला घेऊन या.