निळी ज्योत आणि जयणा
धर्मशाळेतील मोठा गॅस बंब वारंवार विझू लागला की दोष प्रथम गॅसला दिला जातो. पुष्कळदा अपुरी असते ती हवा. एलपीजी पूर्ण जळण्यास त्याच्या सुमारे 25 ते 30 पट हवा लागते. ती न मिळाल्यास निळी ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन, प्राणघातक वायू तयार होतो.

तपासणी क्रमाने करावी. झरोक्यापुढे गाद्यांचा ढीग नाही ना, हवेची जाळी धुळीने भरली नाही ना, हे पाहावे. गॅसचा वास नसल्याची खात्री करून, चालू बंबाच्या धुराड्याच्या छत्रीपाशी उदबत्ती धरावी. धूर आत ओढला जाणे योग्य. तो खोलीत परतला तर बंब तत्काळ बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावे. बंब आपोआप बंद करणारी सुरक्षेची कळ निकामी करून काम चालवणे म्हणजे संकटास आमंत्रण होय.

धुराड्यात पक्ष्याचे घरटेही असू शकते. ते पेटवण्यापूर्वी पाहणे आणि मोकळ्या धुराड्यावर योग्य जाळीची टोपी बसवणे, हीच जयणा. तिने पाखरू वाचते आणि यात्रेकरूही.