गाठ हाताला लागल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

8 मार्च जवळ आला की आणि ऑक्टोबर महिना लागला की महिला मंडळं, बचत गट आणि संघटनांकडे एक निरोप हमखास येतो : "तुम्ही शंभर बायका जमवा, आम्ही स्तनतपासणीचं शिबिर घेतो." गुलाबी फिती, बॅनर, सवलतीचं पॅकेज, शेवटी फोटो. बायका येतात, कारण मनातली भीती खरी असते. संध्याकाळी गाडी निघून जाते. ज्या दोघीतिघींना "पुढे दाखवून घ्या" असं सांगितलेलं असतं, त्या पुढे कुठे गेल्या, त्यांचं काय झालं, याची नोंद बहुतेक वेळा कुणाच्याच वहीत नसते.

म्हणूनच शिबिरांपेक्षा वेगळी मागणी आपण लावून धरायला हवी, असं मला वाटतं. स्तनाच्या आजाराचं पूर्ण निदान एका छताखाली करणारं केंद्र प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असलं पाहिजे.

आधी थोडे आकडे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि सुमारे 98 हजार जणी त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 30 ते 49 वयाच्या स्त्रियांना विचारलं गेलं की, कर्करोगासाठी स्तनांची तपासणी कधी झाली आहे का? 'हो' म्हणणाऱ्या होत्या 0.9 टक्के. म्हणजे शंभरात एकही धड नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं : बायकांमध्ये जागृती नाही, त्या लाजतात, दुखणं अंगावर काढतात. त्यात तथ्य आहे. 'स्तन' हा शब्द उच्चारायलाही संकोच वाटावा असंच आपल्याला वाढवलेलं असतं. शिवाय ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही त्याला घरात आजार म्हणत नाहीत. पण संकोच बाजूला सारून जी बाई दवाखान्याची पायरी चढते, तिच्या वाट्याला काय येतं?

आधी गावातला डॉक्टर मलम किंवा गोळ्या देतो. अंगावर पिणारं मूल असेल, तर "दूध साठलंय, शेकत जा" असं सांगितलं जातं. महिन्याभराने तालुक्याचा सर्जन. सोनोग्राफी दुसरीकडे, मॅमोग्राफी जिल्ह्याच्या गावी, सुईची तपासणी आणखी तिसरीकडे. प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, सोबतीला कुणी मिळवावं लागतं, घरच्यांची परवानगी नव्याने मागावी लागते. तिसऱ्या फेरीनंतर ती थांबते, आणि कागदोपत्री तिची 'बेफिकिरी' नोंदवली जाते. काही ठिकाणी याहून वाईट घडतं. सुईने तुकडा न तपासताच "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू" म्हणून कापाकापी होते. नंतर ती कर्करोगाची निघाली, तर पुढच्या उपचारांची सगळी घडी विस्कटते.

स्तनांच्या आजारासाठीच असलेल्या केंद्रात हीच वाट आखीव असते. तिथे तीन गोष्टी एकत्र होतात. जाणत्या हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि शंका असेल तर सुईने काढलेला तुकडा. तिन्हींचं उत्तर जुळलं पाहिजे. न जुळल्यास पुन्हा शोध घ्यायचा, हा नियम. तरुण वयात स्तन घट्ट असतो, मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून तिथे आधी सोनोग्राफी. जाड सुईने काढलेल्या तुकड्यावरून कर्करोग आहे का एवढंच नाही, तर कोणत्या औषधाला तो दाद देईल हेही कळतं. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. त्यामुळे येणाऱ्या बहुसंख्य जणी मनावरचं ओझं उतरवून घरी जातात. हीसुद्धा मोठी सेवा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी मोजमाप ठरवलं आहे : बाई पहिल्यांदा आरोग्यसेवेकडे आल्यापासून 60 दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं. आपल्या जिल्हा रुग्णालयाला हे दिवस मोजायला लावलेत का कुणी?

शहरांत अशी खाजगी केंद्रं आहेत, काही खरोखर चांगली आहेत. पण जाहिरात होते ती मशीनची. पंचविशीतल्या, कुठलीही तक्रार नसलेल्या मुलीलाही 'पॅकेज' विकलं जातं. आणि तपासणारा हात किती शिकलेला आहे, हे कुणी विचारत नाही.

त्या हाताची ताकद मुंबईतल्याच एका अभ्यासाने दाखवली आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तींनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली. 2021 साली निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या अवस्थेत सापडलेले कर्करोग 37 टक्के होते, दुसऱ्या गटात 47 टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. दिल्लीत तर अंध स्त्रियांना स्तनतपासणीचं शिक्षण दिलं गेलं आहे. स्पर्शाचं त्यांचं ज्ञान हेच त्यांचं कौशल्य ठरलं.

पण शोधून काढणारा हात आणि निदान करणारं केंद्र यांच्यामधला पूल नसेल, तर हाताचे कष्ट वाया जातात. 2016 च्या सरकारी मार्गदर्शनानुसार तिशीपुढच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी स्तनतपासणी व्हायची आहे. आशा घरोघरी फॉर्म भरते, त्यात स्तनातल्या गाठीचा प्रश्न असतो. "हो" असं उत्तर मिळाल्यावर त्या बाईला नेमक्या कोणत्या वारी, कोणत्या खोलीत पाठवायचं, हे आशाला सांगता आलं पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च निघतो, पण तिथवर पोचायला निदानाचा कागद लागतो. त्या कागदापर्यंतचा खर्च बाईच्या पदरचा.

सोनोग्राफीशी आपल्या चळवळीचं जुनं वैर आहे. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध लढून आपण 1988 साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा करून घेतला, 1994 साली केंद्राचा आला. आज कुणी म्हणालं की त्या कायद्यामुळे स्तनांची सोनोग्राफी अडते, तर उत्तर सरळ आहे : कायदा सैल करू नका, जिल्हा रुग्णालयातल्या नोंदणीकृत मशीनवर आठवड्यातला एक दिवस या तपासणीसाठी राखून ठेवा.

मागण्या मोठ्या नाहीत. ठरलेला वार, तिन्ही तपासण्या एकाच जागी आणि मोफत. तपासणारी स्त्री कर्मचारी, आड पडदा. नवऱ्याची सही नव्हे, बाईची स्वतःची संमती. रिपोर्ट तिच्या भाषेत तिलाच समजावून सांगणं. आणि एक वही, ज्यात गाठ घेऊन आलेल्या प्रत्येकीचं पुढे काय झालं ते लिहिलेलं असेल.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी शिबिरासाठी शंभर बायका मागितल्या, तर आधी विचारू या : गाठ सापडली तर पुढची तपासणी कुठे, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने? लेखी उत्तर मिळालं तरच आपलं नाव बॅनरवर. आणि त्याच शंभर जणींनी एकदा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात जाऊन हाच प्रश्न विचारायला काय हरकत आहे?