इयत्ता सातवी

भाऊसाहेब चकलीचा तुकडा चहात बुडवून जगाचे प्रश्न सोडवायला बसले, की मी गॅस बारीक करते. घाणा जळला तर जळला, पण ऐकायला तर हवे!

परवा विषय निघाला अफगाणिस्तानातल्या मुलींचा. पेपरची घडी घालून ते म्हणाले, "वहिनी, आपण उगीच हळहळतो. त्यांचा धर्मच तसा. तिथे बायका पूर्वी शिकत नव्हत्या, पुढेही शिकायच्या नाहीत." आमच्या यांनी सवयीप्रमाणे मान डोलावली.

खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वी मीही डोलावली असती. पण मध्यंतरी आमच्या खालच्या मजल्यावर काबूलहून पुण्यात शिकायला आलेल्या दोन मुली राहून गेल्या. त्यांतल्या एकीला मी भाऊसाहेबांचेच वाक्य ऐकवले होते. ती रागावली नाही. सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "आजी, मला पहिली अक्षरे आमच्या मशिदीतल्या मुल्लांनीच शिकवली. ज्ञान मिळवणे हे प्रत्येक मुसलमानाचे कर्तव्य आहे, असे तेच सांगत. धर्म त्यांचा खरा की बंदूकवाल्यांचा, हे तुम्ही कशावरून ठरवलेत?"

एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या बाईला उत्तर सुचले नाही.

म्हणून परवा भाऊसाहेबांना मी सोडले नाही. राजा अमानुल्ला आणि राणी सुरैया यांच्या काळात काबूलमध्ये मुलींची शाळा निघाली ती १९२१ साली. १९२९ मध्ये बंड झाले, गादी गेली, आणि युरोपला जाण्यापूर्वी हे कुटुंब काही दिवस मुंबईत होते. तिथे त्यांना मुलगी झाली. तिचे नाव ठेवले 'इंडिया'!

"आपल्या मुंबईत?" भाऊसाहेबांच्या हातातली चकली हातातच राहिली.

"आणि १९६५ साली त्या देशात आरोग्यमंत्री एक बाई होत्या. कुब्रा नूरझाई."

मग तालिबानचे राज्य आले. एकदा १९९६ ते २००१, आणि ऑगस्ट २०२१ पासून पुन्हा. मुलींनी सहावीपर्यंत शिकायचे, पुढे नाही. २३ मार्च २०२२ ला वरचे वर्ग उघडणार असे जाहीर झाले होते. आमच्या त्या मुलीची धाकटी बहीण त्याच वर्षी सातवीत जाणार होती. नवी वही, नवे दप्तर घेऊन गेली आणि काही तासांतच रडत घरी परतली. शरियतला आणि अफगाण संस्कृतीला धरून योजना आखली जाईपर्यंत वर्ग बंद, असा हुकूम आला. ती योजना काही आखून होत नाही! त्याच वर्षी डिसेंबरात विद्यापीठेही बंद झाली. तिथल्या मंत्र्यांनी दिलेली कारणे वाचली, तर मुली म्हणे लग्नाला निघाल्यासारखे कपडे करून येतात, आणि शेतकी नि इंजिनिअरिंग हे काही बायकांचे विषय नव्हेत.

ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही, हेही कबूल करायला हवे. हुजूरपागेची शाळा १८८४ साली निघाली, तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमावर पुण्यातच 'केसरी'ने टीकेची झोड उठवली होती. पण तो वाद शाळा चालू असताना झाला. वर्ग भरत होते, मुली शिकत होत्या.

"पण तुमचे ते मुल्लामौलवी बोलतात का विरुद्ध?" भाऊसाहेबांनी शेवटचा बाण काढला.

बोलतात. कैरोच्या अल् अझहरचे मुख्य इमाम अहमद अल् तय्यब यांनी डिसेंबर २०२२ मध्येच ही बंदी शरियतच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. खुद्द तालिबानचे उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझई जानेवारी २०२५ मध्ये जाहीर सभेत म्हणाले, की या बंदीला कसलाही आधार नाही. पुढे ते देश सोडून गेल्याच्या बातम्या आल्या. वाद आहे तो तिथल्या मुसलमानांचा आपसातला, आणि आपण लांबून एकाच पक्षाला 'धर्म' म्हणून मोकळे होतो.

डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंगचे आणि सुइणींचे वर्गही बंद झाले. स्त्रीला पुरुष डॉक्टरने शक्यतो तपासू नये, आणि स्त्रीने डॉक्टर, नर्स, सुईण काहीच व्हायचे नाही! मग बाळंतपण करायचे कोणी? यावर भाऊसाहेब काही बोलले नाहीत. त्यांची सून आठव्या महिन्यात आहे.

हेरात गावात तालिबानच्या पहिल्या राजवटीत एक शिवणाचा क्लास होता. 'सोनेरी सुई' त्याचे नाव. बायका पिशवीत वर कापड आणि कात्री ठेवत, खाली वह्या. आत विद्यापीठातले एक प्राध्यापक साहित्य शिकवीत आणि बाहेर मुले खेळता खेळता पहारा करीत. कोणी आले की वह्या लपायच्या आणि सुया चालू! माझ्या आईने हातात सुई धरली ती वही मिळाली नाही म्हणून. त्या बायकांनी वहीसाठी सुई धरली.

युनेस्कोने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले, की या बंदीमुळे माध्यमिक शिक्षणाला मुकलेल्या मुली किमान चौदा लाख. मी ओळखते ती एकच. तिची बहीण शिक्षण संपवून तिसऱ्या देशात गेली, पण जाताना माझा नंबर धाकटीला देऊन गेली. आठवड्यातून दोनदा मी बीजगणिताच्या पानांचे फोटो पाठवते, ती गणिते सोडवून परत पाठवते. अक्षर बारीक, कागद वाया न घालवणारे. २०२५ च्या सप्टेंबरअखेर तालिबानने साऱ्या देशाचे इंटरनेट बंद केले, तेव्हा दोन दिवस फोनवर काहीच आले नाही. मी रात्री उठून उठून बघत होते आणि हे म्हणत होते, "अगं, झोप."

तिसऱ्या दिवशी फोटो आला. पाच गणिते, चार बरोबर. पाचव्यात उणे चिन्ह विसरली होती. तेवढे लाल शाईने दाखवून पाठवले.

"आता कितवीत आहे म्हणायची ती?" भाऊसाहेबांनी जाता जाता विचारले.

"कागदावर सहावी पास," मी म्हटले. "माझ्याकडे नववीचे चालू आहे."

त्यांनी डबीत चार चकल्या बांधून घेतल्या, सुनेसाठी.