एका स्टेशनावरचे बंदर

परवा इफ्तारला शेजारचे काका आले होते. त्यांचा रोजा नसतो, पण अजान होईपर्यंत ते खजुराला हात लावत नाहीत. नुकतेच ते मिसर पाहून आले. सकाळी कैरोहून बसने निघायचे, दिवसभर गाइडबरोबर इस्कंदरिया, म्हणजे अलेक्झांड्रिया पाहायचे आणि रात्री परत. जुन्या दीपगृहाच्या जागी पंधराव्या शतकात उभा राहिलेला कायतबाईचा किल्ला, रोमन नाट्यगृह, २००२ साली सुरू झालेले नवे ग्रंथालय, सगळे एका दिवसात. मोबाइलमधले फोटो दाखवून झाल्यावर काका म्हणाले, "सर, इतकी वर्षं विठ्ठलवाडीत राहतोय. कल्याण असं कुणी दाखवलंच नाही हो."

काकांना माहीत नव्हते, पण या दोन बंदरांची ओळख जुनी आहे. सहाव्या शतकात याच इस्कंदरियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात 'कल्लियाना'ची नोंद केली. इथे मोठा व्यापार चालतो, कापड मिळते आणि ख्रिस्ती लोकांचा बिशपही आहे, असे तो लिहितो. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण आहे. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत, एक लोहारही आहे. आणि आपण? आपल्यासाठी कल्याण म्हणजे लोकल बदलायचे स्टेशन.

खरे तर एका रविवारची सहल सहज आखता येईल. दुर्गाडीवरून खाडी पाहावी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. तिथून काळ्या तलावाकडे यावे. तलावाजवळ कल्याणचा मोगल सुभेदार मातबरखान याची कबर आहे. पुढे पेशवाईची आठवण सांगणारा सुभेदार वाडा. वाटेत आनंदीबाई जोशींचे नाव घ्यावे. १८६५ साली त्या याच गावात जन्मल्या आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. शेवटी दूधनाक्याच्या गल्ल्यांत शिरावे. तिथले कोकणी मुसलमान मुलांना उर्दू शाळेत घालतात, पण घरात भांडतात ते कोकणी बोलीत.

मला काळजी आहे ती गाइडची. एकाच बाजूचा गाइड असेल तर मातबरखानाची कबर गाळून पुढे जाईल. दुसऱ्या बाजूचा असेल तर आरमाराचे एका वाक्यात उरकेल. दुर्गाडीवर देवीचे मंदिर आहे आणि ईदची नमाजही होते. पण गावाच्या लक्षात राहतो तो फक्त त्या दिवशीचा पोलीस बंदोबस्त. जे गाव आपण एकमेकांना दाखवत नाही, त्याच्याविषयी मग कुणीही काहीही सांगावे आणि आपण मान डोलवावी, अशी वेळ येते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. गाइड बाहेरून आणू नयेत. आपल्याच महाविद्यालयांतली मुले तयार करावीत आणि प्रत्येक सहलीला दोघे असावेत, एक दूधनाक्याचा आणि एक वाड्यांच्या आळीतला. एकाने गाळले तर दुसऱ्याने सांगावे. महापालिकेने जागोजागी मराठी आणि उर्दूत चार ओळींचे फलक लावावेत. तलावाकाठचा कचरा उचलावा, पाहुणा येण्याची वाट न पाहता.

जमिनीवर फिरा आणि पूर्वी होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहा, असे कुराण वारंवार सांगते. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलतही देते. विठ्ठलवाडी ते कल्याण एकच स्टेशन, तेव्हा ती सवलत आम्हाला मिळणार नाही. म्हणून काकांशी ईदनंतरचा पहिला रविवार ठरवला आहे. दुर्गाडी ते तलाव मी सांगणार, वाड्याचे काका सांगणार. त्यांनी आतापासूनच वाचायला घेतले आहे. मलाही घ्यावे लागेल, कारण मातबरखानाविषयी त्यांनी विचारलेल्या दुसऱ्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.